शांतवनाचं तारू आणि नापास हत्ती

या, असे जवळ या. मागं भिंतीला टेकलेल्यांनीही पुढं सरका. सतरंजी मोठी आहे आणि गोष्ट लहान. पेटीचा सूर लागेपर्यंत केडगावच्या एका आजोबाची हकिकत ऐका. माणूस भला, देवाचं भय बाळगणारा, दोन वेळची प्रार्थना चुकवत नाही असा. आणि या भल्या माणसानं एका चार वर्षांच्या मुलीचे दोन हत्ती नापास केले. कसे केले आणि पुढं त्याची काय गत झाली, ते सांगायचं आहे.

त्याचं नाव शांतवन. नागापूरच्या एमआयडीसीत एकतीस वर्षं त्यानं एकच काम केलं, दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट काढायचं. पंपाचे सुटे भाग त्याच्या टेबलावर यायचे, तो व्हर्निअर लावून माप घ्यायचा आणि केसभर फरक दिसला की त्यावर लाल ठिपका द्यायचा. लाल ठिपका म्हणजे माल भंगारात. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी नजर काही निवृत्त झाली नव्हती. बायकोनं गरम भाकरी ताटात टाकली, की देवाचे आभार मानायच्या आधी त्याच्या मनात येई, डाव्या अंगाला जरा जाड हाय. हे तो मोठ्यानं बोलत नसे. एकदा बोलला होता, तेव्हा दोन दिवस पाव खावा लागला होता.

बायको एलिझाबेथ. बत्तीस वर्षं बालवाडीची बाई. घरात नातीला, आराधनाला, तीच सांभाळायची. मुलगा आणि सून मोनिका सकाळीच ड्युटीवर जात. पण कोल्हारच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि एलिझाबेथला आठ दिवस जावं लागलं. तेही नेमकं त्याच आठवड्यात, ज्याच्या रविवारी चर्चच्या आवारात सूर्यभान मास्तरांचं कीर्तन होतं. आख्यान जलप्रलयाचं, देवानं माणसांना आणि प्राण्यांना तारवात, म्हणजे मोठ्या नावेत, वाचवलं त्याचं. मास्तरांची इच्छा अशी, की लहान मुलांनी घरूनच प्राण्यांची एकेक जोडी करून आणावी आणि आख्यानात तारवाचं दार उघडलं की एकेकानं पुढं येऊन ती तारवात ठेवावी. आराधनाच्या वाट्याला हत्ती आले होते.

बॅग भरता भरता एलिझाबेथनं नवऱ्याला धडा दिला. "कणीक मळून द्या. त्यात मूठभर मीठ, चमचाभर तेल. रंगाला हळद, बीट, पालक काय असेल ते. डोळ्यांना मिरे आहेत. बाकी सगळं तिला करू द्या. कळलं का?"

"आणि मी काय करू?"

"तुम्ही बसा."

"नुसता?"

"अहो, तेच तर सगळ्यात अवघड असतं," असं म्हणून ती रिक्षात बसली.

सोमवारी शांतवनानं कणीक मळली. कणीक फार सुंदर मळली, त्याबद्दल स्वतःला शाबासकी दिली आणि नातीसमोर ठेवून बसला. चार मिनिटं बसला. मग त्याला वाटलं, पोरगी हत्ती करते आहे, पण हत्ती चढणार कशात? मास्तर तारू आणतील कुठलंतरी, बिस्किटाच्या खोक्याचं. पवित्र शास्त्रात तर माप दिलं आहे. तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद, तीस हात उंच, मजले तीन. देवानं स्वतः ड्रॉइंग दिलेलं, आणि जगात कुणी मापाला धरून करत नाही! शांतवनाच्या अंगात उत्साह संचारला. एका हाताला दोन मिलिमीटर धरून त्यानं पुठ्ठा आखला, कापला, चिकटवला. साठ सेंटिमीटर लांब, दहा रुंद, सहा उंच. दुपारी तारू तयार झालं. प्रमाण अगदी बिनचूक. दिसायला मात्र ते हुबेहूब ट्यूबलाइटच्या खोक्यासारखं दिसत होतं.

"हे काय हाय?" आराधनानं विचारलं.

"तारू."

तिनं खोक्याकडं पाहिलं, छताच्या ट्यूबकडं पाहिलं आणि काही बोलली नाही. फार समजूतदार मूल.

तोवर तिचे हत्ती झाले होते. एक हळदीचा पिवळा, एक बिटाचा गुलाबी. पिवळ्याला सोंड होती आणि शेपूट नव्हतं. गुलाबीला पाय पाच होते, आणि मिऱ्यांचे डोळे दोन्ही एकाच बाजूला, म्हणजे तो तुमच्याकडं बघू लागला की पूर्ण बघत होता. तिनं दोन्ही तळहातांवर ठेवून आजोबांपुढं धरले.

आता इथं एलिझाबेथ असती तर काय झालं असतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण होता शांतवन. त्याचा हात आपोआप खिशात गेला आणि व्हर्निअर बाहेर आला. पिवळा पाच सेंटिमीटर उंच. गुलाबी चार पूर्णांक दोन. तारवाचा एक मजला दोन सेंटिमीटरचा. म्हणजे हत्ती आत जाणारच नाहीत. शिवाय ही जोडी आहे, आणि जोडीत आठ मिलिमीटरचा फरक! त्यानं टेबलावरचा लाल मार्कर उचलला आणि दोन्ही हत्तींच्या कपाळावर एकेक ठिपका दिला. रागानं दिला असं मुळीच नाही. उलट प्रेमानं, काळजीनं, जणू पोरीला चांगलं वळण लावतो आहे अशा थाटात दिला. हेच त्याला पुढं जास्त टोचलं.

"हे काय केलं?"

"याला म्हणत्यात रिजेक्ट. म्हंजे नापास. आता तू दुसरे कर, बारके. दोन्ही एकसारखे."

आराधनानं मान हलवली. हत्ती खिडकीत ठेवले, हात धुतले आणि बाहेर जाऊन पायरीवर बसली. शांतवनाला वाटलं, पोरगी विचार करते आहे. चांगलं लक्षण आहे.

संध्याकाळी शेजारच्या लंकाबाई विरजण मागायला आल्या. खिडकीकडं बघून त्यांनी तोंडाला पदरच लावला. "आगं बया! तुमच्यात कवापासून हत्तीला कुंकू लावाय लागले?"

"कुंकू न्हाई," आराधना म्हणाली. "ते नापास हायत. आजोबांनी मोजले."

"मोजले?" लंकाबाईंनी शांतवनाकडं असं पाहिलं, जसं भाजीवाल्याच्या तराजूकडं बघतात. "आवो दादा, हत्ती व्हय मोजायचा? तुमी बी ना!" आणि विरजण न घेताच हसत हसत निघून गेल्या. ते हसू कंपाउंडच्या पलीकडूनही बराच वेळ ऐकू येत होतं.

मंगळवारी शांतवनानं कणीक पुढं ठेवली, तर आराधना दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली.

"कर की, आरू."

"तुमीच करा. मला येत न्हाई."

हे वाक्य त्या घरात आजवर कुणी ऐकलं नव्हतं. ही मुलगी डोळा लागेपर्यंत भिंतीवर, बिलांवर, एकदा तर आजोबांच्या टकलावरही रेघोट्या ओढणारी.  पण खोट काढणाऱ्याला खोट दुरुस्त करायचे मार्गही ठाऊक असतात, अशी शांतवनाची समजूत. तिला नमुना हवा आहे, असं ठरवून त्यानं स्वतः दोन हत्ती केले. पट्टीला पट्टी लावून, अगदी एका साच्यातले. दोन तास लागले. आराधनानं ते पाहिले आणि हात आणखी खोल दाबले.

दुपारी त्यानं भेंडी आडवी कापून रंगात बुडवली आणि कागदावर फुलं उमटवून दाखवली. ती बघत बसली. बुधवारी जुनी मासिकं आणून दिली, फाड म्हणाला, चिकटव म्हणाला. तिनं एक पान हातात घेतलं. "सरळ फाडायचं का?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट बघत पान तसंच परत ठेवलं.

संध्याकाळी मोनिका ड्युटीवरून आली. मुलीच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "पप्पा, आरूला बरं नाही का? काल मी पाटी दिली, तर म्हणते तू काढ. रविवारी कीर्तनाला जाऊ या म्हटलं, तर नको म्हणाली. माझे हत्ती नापास आहेत म्हणाली."

शांतवनाला जमिनीत जावंसं वाटलं. वीस वर्षं तो कीर्तनात झांज वाजवत आला. देव दयाळू आहे, देव पडलेल्याला उचलतो, हे ध्रुपद त्यानं शेकडो वेळा उचललं असेल. आणि घरात चार वर्षांच्या लेकराला भंगारात काढून मोकळा! वा रे भक्त. देवानं तुझ्यासारखाच व्हर्निअर खिशात ठेवला असता, तर तू कुठल्या मजल्यावर मावला असतास?

गॅलरीत जाऊन त्यानं कोल्हारला फोन लावला आणि झालं ते सगळं सांगितलं, ट्यूबलाइटच्या खोक्यासकट. 

"हॅलो? ऐकतीस ना?"

"ऐकते आहे. हसू आवरते आहे, आणि रडूही." मग एलिझाबेथचा बालवाडीतला आवाज आला. "माफी मागितलीत?"

"आरूची?"

"नाही, हत्तींची! अहो, तिचीच."

"चार वर्षांची हाय ती."

"म्हणूनच लवकर मागा. मोठी झाली की हिशोब अवघड होतो." आणि फोन ठेवण्याआधी, "मग गप्प बसा बरं का. माफी मागून वर उपदेश करायचा नाही. तुमचं तेही होईल."

गुरुवारी सकाळी शांतवन फरशीवर बसला. गुडघे कडकड वाजले. आराधना समोर, हात मांड्यांखाली.

"आरू, माझं चुकलं. तुझे हत्ती चांगले हुते. मी उगाच ठिपका दिला." त्याच्या जिभेवर लगेच पुढचं वाक्य आलं, 'पण आपण जर...', आणि ते त्यानं गिळलं. खोकला आला म्हणून पाणी प्यायला, तेव्हा कुठं ते खाली गेलं.

 आराधनानं मात्र भलतंच विचारलं. "तुमचं तारू पाण्यात राहतं का?"

आता हे कुणी तपासलंच नव्हतं. सगळी मापं घेतली, पण तारू तरंगतं का, हे बघायचं राहूनच गेलं. एकतीस वर्षांच्या तपासनिसाकडून!

"बघू या का?" तो म्हणाला.

न्हाणीघरातल्या मोठ्या टबात पाणी भरलं. शांतवनानं दोन्ही हातांनी तारू पाण्यावर सोडलं. ते क्षणभर दिमाखात उभं राहिलं. मग पुठ्ठा फुगला, डिंक सुटला, एक मजला डावीकडं गेला, दुसरा उजवीकडं, आणि देवाच्या मापाचं ते तारू शांतवनाच्या डोळ्यांदेखत लगदा होऊन तळाला बसलं.

आराधना हसली. आधी ओठ दाबून, मग पोट धरून. तीन दिवसांत पहिल्यांदा. शांतवनही हसायला लागला आणि हसता हसता त्याचे डोळे भरले, ते त्यानं टबातल्याच पाण्यानं पुसले.

"आता सगळे बुडतील," ती काळजीनं म्हणाली.

शांतवनाच्या डोक्यात लगेच तीन उपाय आले. थर्माकोल, प्लास्टिकचा डबा, आणि एक तर फारच झकास होता. त्यानं दोन्ही हात पाठीमागं नेऊन एकमेकांत घट्ट अडकवले. बस, शांतवन. नुसता बस.

आराधना उठली. स्वयंपाकघरातून आजीची भाकरीची लाकडी काठवट ओढत ओढत आणली. ती टबात सोडली, तर ती मजेत डुलू लागली. मग पोरगी पळत जाऊन कणकेचा गोळा घेऊन आली, तिथंच ओल्या फरशीवर मांडी घातली आणि दोन्ही हात कणकेत घातले.

शांतवन हललाही नाही. 

तिनं दोन बाहुले केले. एक लांबुडका, त्याच्या डोक्यावर एकही केस नाही. दुसरा बसका, तोही टकला, त्याला हातच नव्हते.

"हे कोण गं?"

"आजोबा."

"आणि हे?"

"हे पण आजोबा. जोडी लागते ना."

"मग दुसरी आजी कर की."

"आजी कोल्हारला हाय. ती बुडत न्हाई." तिनं लांबुडक्याच्या तोंडाला अंगठा दाबून मोठा खड्डा पाडला. "हे रागावनारे आजोबा. आनि हे बसनारे आजोबा. यांचे हात मागं हायत."

शांतवनानं विचारलं, "तारवात कुणाला घ्यायचं मग?"

"दोघांना," ती म्हणाली. एवढंही कळू नये याचं तिला नवल वाटलं. "रागावनारे आजोबा बाहेर ठेवले, तर पान्यात पडतील ना." आणि तिनं दोघांना काठवटीत शेजारी शेजारी बसवलं, रागावणाऱ्याला जरा आतल्या बाजूला, कारण तो सारखा कलत होता. मग आजोबांकडं न बघताच हात पुढं केला. "अजून कणीक द्या. लई प्रानी राहिलेत."

शांतवन कणीक मळायला उठला. मीठ त्यानं न मोजताच टाकलं, त्यामुळं ते जरा जास्तच पडलं.

तर मंडळी, पेटीचा सूर आता लागला आहे. गोष्टीत अजून गुरुवारच आहे, एलिझाबेथ कोल्हारहून यायला तीन दिवस आहेत आणि व्हर्निअर शांतवनाच्या खिशातच आहे. आज घरी जाऊन प्रार्थनेला हात जोडाल, तेव्हा त्या काठवटीत कललेल्या, तोंडाला खड्डा असलेल्या आजोबाची तेवढी आठवण ठेवा.