गाळलेल्या जागा

मित्रांनो, मी एक जुनी गाळणी आहे. पण चहाच्या गाळणीसारखे मला चिमटीत धरू पाहाल, तर मनगट दुखावून बसाल. माझी वीस पोलादी ताटे एका दांड्यावर पुस्तकाच्या पानांसारखी उभी असतात. दर दोन ताटांमध्ये जाड पांढरा कागद दाबून बसवलेला असतो. एका टोकाने बिअर आत येते, पानापानांतून वाट काढते आणि दुसऱ्या टोकाने नितळ होऊन बाहेर पडते. चार टाक्या, एक लांब लाकडी काउंटर आणि सदैव ओली फरशी, एवढाच माझ्या छोट्या कारखान्याचा संसार आहे.

मला एका वेल्डरने घडवले. शेवटचा सांधा घासून त्याने त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "जा बये. गाळ, पण गळू नकोस."

तीस वर्षे मी हा शब्द पाळला. मालक प्रत्येक बिअरचा पहिला पेला खिडकीशी धरी आणि त्यातून समोरच्या न्हाव्याच्या दुकानाची पाटी वाची. पेल्यातून अक्षरे उलटी दिसत, पण लख्ख दिसत. मग तो माझ्या पाठीवर थाप मारून म्हणे, "शाब्बास, म्हातारे!" सोनेरी उजेड त्या पेल्यातून आरपार जाताना मला वाटे, तो माझ्यातूनच जातो आहे. नितळ तेच खरे, अशी माझी श्रद्धा होती. त्या श्रद्धेपायी मी काय काय अडवले, याचा हिशेब मी कधी केला नाही.

मग मालकाची मुलगी बाहेरून हेच काम शिकून परतली. लहानपणी ती माझ्या ताटांवर चमचा वाजवी आणि मला 'मावशी' म्हणे. तिने चौथ्या टाकीत सातूबरोबर गहू आणि ओट्स घातले, अखेरीस हॉपची सुगंधी फुले ओंजळीओंजळीने टाकली आणि जाहीर केले, "ही गाळायची नाही."

"गाळायची नाही?" मालकाने नाक मुरडले. "अगं, पेल्यात आणि डबक्यात काही फरक ठेवशील की नाही? इतकी गढूळ बिअर कोण पिणार?"

त्याची थोरली बहीण, म्हणजे काउंटर सांभाळणाऱ्या आत्याबाई, पेले पुसता पुसता म्हणाल्या, "तुझं डोकं काय कमी गढूळ आहे? ते नाही का आम्ही न गाळता चालवून घेत?"

"ताई, तू मध्ये पडू नकोस. रविवारी दुपारी नेहमीची मंडळी येतील. त्याआधी मी चाखेन. नाही पटली, तर सोमवारी टाकी मोरीत."

मुलगी शांतपणे म्हणाली, "ही मोरीत गेली बाबा, तर मी परत टाकीला हात लावणार नाही."

मित्रांनो, लाज वाटते, पण सांगते: मी मालकाच्या बाजूची होते. या घरातली कोणतीही बिअर मला वगळून पेल्यात गेली नव्हती. आता माझ्यावर ताडपत्री आली, ताडपत्रीवर आत्याबाईंचे ओले ॲप्रन आले आणि त्या अंधारात मी सोमवारची वाट पाहू लागले.

रविवारी सकाळी मुलीने चौथ्या टाकीतून एक पिंप थेट भरले आणि ती पेले धुवायला गेली. दुसरे पिंप मालक भरणार होता. शीळ घालत त्याने नळी उचलली, ताडपत्री दूर केली आणि तीस वर्षांच्या सवयीने नळीचे तोंड माझ्या तोंडाला जोडले. कागद माझ्यात बसवलेले होतेच.

आणि ती आली. आधी संत्र्याच्या सालीचा तुषार, मग पिकल्या फळाचा गर, त्यामागून पहाटे कापलेल्या गवताचा हिरवा कडवटपणा. जणू एखादा ढग पानापानांतून मला वाचत चालला होता. मी ते सारे अडवत राहिले. दुसरे काही मला येतच नव्हते. कागद तुंबले, दाबाचा काटा थरथरत वर चढला आणि आयुष्यात पहिल्यांदा मी एका सांध्यातून गळले.

मुलगी धावत आली. "बाबा! हे काय केलंत?"

"हात... आपोआप गेला गं." मालकाचा चेहरा पडला होता. पिंप जेमतेम निम्मे भरले होते.

मुलगी उपड्या क्रेटवर मटकन बसली. आत्याबाई मात्र दोन पेले घेऊन आल्या. "रडताय काय? दोन्ही ओता. आता तरी न भांडता कळेल."

मालकाने आधी माझा नितळ पेला उचलला. पाटी वाचली. घोट घेतला.

"कशी आहे?" आत्याबाईंनी विचारले.

"त्या पाटीसारखी. वाचता येतेय, लागत काहीच नाही."

मग त्याने धुकट पेला उचलला. खिडकीकडे पाहिलेही नाही. एक घोट, मग दुसरा. मिशीवर फेस तसाच. "हे संत्रं कुठून आलं?"

"आलं कुठून? होतंच. तुम्ही तिकडे अडवलंत."

मालक माझ्याकडे आला. त्याने माझी ताटे सैल केली, कागदावरच्या पिवळसर हिरव्या गाळाला बोट लावले आणि ते चाटले. "अरेच्चा! सगळं हिच्याकडेच आहे की!"

"शाळेत गाळलेल्या जागा भरायचे ना, तेच केलं मी," मुलगी डोळे पुसत हसली. "तुम्ही भरलेल्या जागा गाळल्यात!"

दुपारी फळ्यावर नवे नाव झळकले: 'भरलेल्या जागा'. समोरचा न्हावी पेला उंचावून कुरकुरला, "यातून माझं दुकानच दिसत नाही!"

"प्या तर खरं," आत्याबाई म्हणाल्या, "मग दोन-दोन दिसतील."

सोमवारी मोरी कोरडीच राहिली. मालकाने माझा सांधा पक्का केला. बाकीच्या तीन टाक्या आजही माझ्याच आहेत. माझे मागणे फार नाही, मित्रांनो. काम झाले की मला धुवा, कोरडी करा, ओल्या ॲप्रनखाली विसरू नका. आणि जे गाळून टाकाल, ते फेकण्याआधी एकदा बोटाच्या टोकावर घेऊन पाहा.

चौथ्या टाकीची नळी आता माझ्या समोरून थेट पिंपाकडे जाते. पारदर्शक नळीतून तो ढग सरकताना मी पाहत असते. पिंप भरले की मुलगी ओले बोट माझ्या पहिल्या ताटावर टेकवते. "घे गं, मावशी."

तो एक थेंब मी गाळत नाही.