चाकाला लागलेले हात

रांग जिन्यापासून लागली होती. वरच्या मजल्यावरची माणसं कठड्याला टेकून उभी, खालची एकमेकांच्या खांद्यावरून डोकावत होती. कुणाच्या कडेवर पोर, कुणी कामावर निघालेलं, हातात डबा. सगळ्यांना आमच्या पुढच्या खोलीत यायचं होतं. पुढची खोली म्हणजे एक पलंग, एक कपाट, माझ्या दहा महिन्यांच्या मुलीचा पाळणा आणि उरलेल्या जागेत चाक.

चाक माझ्या छातीइतकं उंच होतं. जाड लोखंडी कडा, मध्ये बारा तिरपे कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात एक पोलादी गोळी. चाक फिरलं की वर आलेली गोळी कडेकडे घरंगळायची आणि टक् असा आवाज व्हायचा. मोटर नाही, वायर नाही, पट्टा नाही. तरी ते अकरा दिवस फिरत होतं.

"गुरुत्वाकर्षण म्हणजे काय?" ऊर्जागुरू रांगेला विचारत होते. हे नाव त्यांनीच स्वतःला दिलेलं. पाचव्या दिवशी ते कुणाच्या तरी ओळखीनं आमच्याकडे आले आणि सहाव्या दिवशी खोली त्यांची झाली. "गुरुत्वाकर्षण म्हणजे पृथ्वीचं आपल्यावरचं प्रेम. आणि आई लेकराला प्रेमाचं बिल पाठवते का? मग विजेचं बिल कशाला?"

रांग खूश होऊन हसली.

"शास्त्रज्ञांना हे सगळं ठाऊक आहे. क्वांटम आहे हे. पण कंपन्या त्यांना बोलू देत नाहीत. आता एकेकानं पुढे या आणि चक्राला स्पर्श करा. उजव्या बाजूनं, वरून खाली, हलक्या हातानं. ऊर्जा तळव्यातून आत जाईल."

आम्ही घरचे त्याला चाक म्हणायचो. ते चक्र म्हणायचे.

शास्त्रज्ञांचं मला माहीत नाही. मी भौतिकशास्त्रात पदवी घेतली आहे, पहिल्या वर्गात. आणि मला बोलू न देणारी कुठलीच कंपनी नव्हती. मी स्वयंपाकघराच्या दारात मुलीला कडेवर घेऊन उभी होते आणि गप्प होते, कारण ते चाक मीच फिरवत होते.

ते कसं झालं, ते सांगते.

चाक माझ्या सासऱ्यांनी, बाबांनी, बनवलं. ते कारखान्यात फिटर होते. निवृत्तीनंतर दोन वर्षं भिंतीकडे तोंड करून बसायचे. विचारलं तर "ठीक आहे" म्हणायचे. मग कुठेतरी त्यांनी अशा चाकाचं चित्र पाहिलं आणि कामाला लागले. पहिली चार चाकं थांबली. प्रत्येक वेळी ते दोन-दोन दिवस जेवले नाहीत. पाचवं सुरू झालं त्या दिवशी त्यांनी माझ्या लेकीला मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "बघ गं छकुले, आजोबाचं यंत्र." दोन वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. थोड्या वेळानं ते हात धुवायला मोरीत गेले. चाक मंदावत होतं. टक्... टक्... मी जाता जाता त्याला हात लावला.

फक्त एकदाच, असं मी स्वतःला सांगितलं होतं. त्यात आणखी एक कारण होतं आणि ते लिहायला लाज वाटते. बाबा चाकापाशी बसले की छकुलीला सांभाळायचे. दहा महिन्यांत पहिल्यांदा मला दार लावून अंघोळ करता येत होती.

मी मोजून पाहिलं होतं. एका धक्क्यात चाक जेमतेम वीस मिनिटं चालायचं. मी दिवसातून सहा-सात वेळा हात लावायची. बाकी वेळ ते का फिरत होतं? रात्री दहाला मी शेवटचा हात लावून झोपायची आणि सकाळी सातला उठून पाहावं तर ते जोरात फिरत असायचं. एकदा मध्यरात्रीनंतर मुलीला पाजत असताना पुढच्या खोलीतून टक् टक् ऐकू आलं, तेव्हा अंगावर सरसरून काटा आला.

मग मी विश्वास ठेवायला लागले. चोरी मी स्वतः करत होते आणि चमत्कारावर विश्वासही माझाच बसत होता. बाबांच्या हाताला काही साधलंही असेल, मी उगाच मध्ये लुडबूड करतेय, असं वाटायचं. कॉलेजात तीन वर्षं शिकलेलं सगळं मी नऊ रात्रींत विकून टाकलं.

गुरुवारी वरच्या मजल्यावरच्या ताई आल्या. त्या घरीच शिवणकाम करतात. त्यांच्या सात वर्षांच्या मुलीला झोपताना श्वासाचं यंत्र लावावं लागतं. वीज गेली की यंत्र बंद पडतं आणि ताई तिला उठवून भिंतीला टेकवून बसवतात, वीज येईपर्यंत. दवाखान्यानं त्यांना बॅटरीचा संच द्यायचं कबूल केलं होतं. शनिवारपर्यंत न्यायचा, नाहीतर तो यादीतल्या पुढच्या पेशंटला जाणार होता.

"वहिनी, मी त्यांना कळवून टाकते, दुसऱ्या कुणाला द्या," त्या म्हणाल्या. "गुरुजी म्हणाले, शनिवारी चाकाला जनित्र जोडतात आणि वर आमच्याकडे वायर ओढतात. ती बॅटरी चार तासांत संपते म्हणे. हे तर संपतच नाही."

"दोन दिवस थांबा ना, ताई."

"का? चाकाला काही झालंय?"

"नाही, तसं काही नाही."

"मग? आपल्याला मिळतंय, तर दुसऱ्याच्या लेकराची वस्तू कशाला अडवून ठेवायची?"

मी छकुलीचं टोपडं नीट केलं. ते नीटच होतं. ताई जिना चढून गेल्या. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी दवाखान्याला फोन केला. तोवरचा संपूर्ण दिवस माझ्या हातात होता. मी दोनदा अर्ध्या जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. काय सांगणार होते? की मी धक्के देते? आणि मग ते रात्री कोण फिरवतं?

शनिवारी सकाळी ऊर्जागुरू जनित्र घेऊन आले. रांग नेहमीपेक्षा मोठी होती. ताई मुलीला घेऊन पुढेच उभ्या होत्या. पोरगी चाकाकडे टक लावून पाहत होती. मी छकुलीला घेऊन चाकाजवळून जात होते, तेवढ्यात तिनं वाकून चाकावर हात मारला, लहान मुलं मारतात तसा, खालून वर.

"अहो, धरा तिला!" ऊर्जागुरूंनी झडप घालून तिचा हात बाजूला केला. छकुली भोकाड पसरून रडायला लागली. "उलटा स्पर्श चालत नाही, वहिनी. ऊर्जा उलटते. कितीदा सांगितलं, उजव्या बाजूनं, वरून खाली."

मी मुलीला थोपटत होते आणि चाकाकडे बघत होते. तिच्या एवढ्याशा फटक्यानं ते खरंच मंदावलं होतं. पुढच्या माणसानं उजव्या बाजूनं, वरून खाली हात फिरवला आणि ते पुन्हा सावरलं. त्याच्या मागच्यानं हात फिरवला, आणखी सावरलं.

पृथ्वीच्या प्रेमाला दहा महिन्यांच्या मुलीच्या तळहाताची भीती कशी वाटेल? भीती होती ती फक्त उलट्या धक्क्याची. सहा दिवस सत्तर-ऐंशी माणसं रोज येत होती आणि प्रत्येक जण श्रद्धेनं चाक ढकलून जात होता. हे ऊर्जागुरूंना पहिल्या दिवसापासून कळत होतं. ऊर्जा तळव्यातून आत जात नव्हती, ती तळव्यातून चाकात जात होती.

"खोलीला कुलूप लावा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "सगळे बाहेर. एक तास. मग वायर जोडा."

"परीक्षा घेता, वहिनी?" गुरू गोड हसले. "चक्र रुसतं अशानं."

"लावा कुलूप," सासरे म्हणाले. ते ताठ उभे होते आणि अभिमानानं माझ्याकडे बघत होते. माझा त्यांच्या यंत्रावर केवढा भरवसा, असं त्यांना वाटलं असणार. "रुसायला ती काय नवरी आहे? यंत्र आहे. चालेल."

खिडक्या लावल्या, दाराला कुलूप घातलं, किल्ली ताईंकडे दिली. सगळी माणसं जिन्यावर उभी राहिली. दाराआडून आवाज येत होता, टक् टक् टक्. माणसं कौतुकानं माना डोलवत होती.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी घरच्यांकडे पाहिलं. सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या. माझा नवरा जमिनीकडे बघत होता, त्याचे कान लाल झाले होते. तो असा दिसतो तेव्हा काहीतरी लपवत असतो, हे मला लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून माहीत आहे. आणि तिथे, त्या जिन्यावर, माझ्या अकरा दिवसांच्या चमत्काराचा सगळा उलगडा झाला.

टक्... टक्...

"हळू झालं का हो?" कुणीतरी विचारलं.

"ध्यानात जातंय," गुरू म्हणाले.

टक्... मग बराच वेळ काही नाही. मग एक शेवटचं टक्. ताईंची मुलगी म्हणाली, "आई, झोपलं ते."

सासरे दाराला कान लावून उभे होते. मी त्यांच्याजवळ गेले.

"बाबा, दिवसा मी धक्का द्यायची. पहिल्या दिवसापासून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण ऐकू आलं नसावं असं.

"पहाटे मी," सासूबाई म्हणाल्या. "पाचला उठून बघायचे तर थांबलेलं असायचं, रोजच. म्हटलं, तुम्ही उठायच्या आत सुरू करून ठेवावं. मग दिवसभरही जाता-येता हात लावायचे. पुन्हा जेवण टाकाल म्हणून."

"आणि दुसऱ्या पाळीवरून आल्यावर मी," नवरा म्हणाला. "चपला काढता काढता. मला वाटलं, मी एकटाच."

जिन्यावर कुणीतरी फिस्सकन हसलं. लगेच दुसऱ्यानं त्याला गप्प केलं.

"कुलपाचं लोखंड," ऊर्जागुरू घाईनं म्हणाले. "लोखंडानं ऊर्जा अडते, क्वांटम नियम आहे. खोली उघडा, मी पुन्हा..."

"गोळ्याही लोखंडाच्याच आहेत," सासरे म्हणाले. मग ताईंकडून किल्ली घेऊन त्यांनी स्वतः दार उघडलं.

थांबलेल्या चाकासमोर ते उकिडवे बसले आणि बोटानं मोजायला लागले. अकरा दिवसांत ते त्यांनी पहिल्यांदाच केलं. खाली उतरणाऱ्या बाजूला गोळ्या कडेला गेलेल्या, आसापासून लांब, पण होत्या चारच. वर चढणाऱ्या बाजूला आसाजवळ चिकटलेल्या, पण आठ. लांब थोड्या, जवळ जास्त. दोन्ही बाजूंचा जोर सारखाच.

"तराजू झालाय हा," ते म्हणाले. "तराजूनं कधी पीठ दळलंय?" मग कुणाकडेही न बघता, "दुसऱ्या दिवशी मीही एक धक्का दिला होता. म्हटलं, बेअरिंगला तेल बसेपर्यंत. त्यानंतर थांबलेलं दिसलंच नाही. वाटलं, लागलं आता मार्गाला."

घरात चार मोठी माणसं आणि चौघांनीही हात लावलेला. प्रत्येकानं आपला धक्का मनातून वजा केला आणि दुसऱ्याच्या धक्क्याला चमत्कार म्हटलं.

ऊर्जागुरू जनित्र उचलून निघाले. जाताना म्हणाले, "या घरात श्रद्धाच नाही." खरं तर श्रद्धा भरपूर होती, त्या श्रद्धेनंच तर चाक फिरत होतं.

ताईंनी तिथूनच दवाखान्याला फोन लावला. मी शेजारी उभी होते, त्यामुळे पलीकडचं ऐकू आलं. संच सकाळी नऊला दुसऱ्या पेशंटला दिला होता. पुढचा येईल तेव्हा कळवू, असं ते म्हणाले.

"ताई, माझं चुकलं," मी म्हणाले.

"तो गुरू काय बोलायचा ते मला निम्मं कळायचं नाही, वहिनी," त्या म्हणाल्या. चिडून नाही, हिशेब जुळवावा तशा. "मी त्याच्यावर विश्वास ठेवला नव्हता. मी तुमच्याकडे बघत होते. म्हटलं, ह्या शिकलेल्या आहेत, घरच्या आहेत, लेकुरवाळ्या आहेत. काही खोटं असतं तर ह्या बोलल्या असत्या."

दुसरा संच यायला पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत वीज चार वेळा गेली. दर वेळी माझा नवरा त्या मुलीला उचलून दवाखान्यात घेऊन गेला. चौथ्या वेळी तिचे ओठ निळे पडले होते. ती आता बरी आहे. ताई माझ्याशी बोलतात, पण आता कपडे शिवायला नेऊन दिले तर माप मोजून घेतात, पूर्वीसारखं गप्पा मारत बसवून घेत नाहीत.

म्हणून हे लिहिलं. फुकट फिरणारं चाक, आपोआप जळणारा दिवा, हात फिरवून बरा होणारा आजार कुणी दाखवला, तर वाद घालत बसू नका. खोली रिकामी करा, दार लावा, घड्याळ बघा. पुजाऱ्याला बाहेर काढा, भक्तांना बाहेर काढा आणि घरच्यांना सगळ्यात आधी काढा. जे खरं आहे ते कुणी नसतानाही चालतं. आणि जे चाललंय ते कसं चाललंय हे तुम्हाला ठाऊक असेल, निदान त्यातला आपला वाटा तरी ठाऊक असेल, तर तो पहिल्याच दिवशी सांगून टाका. ज्याच्यावर माया आहे तो दोन दिवस जेवणार नाही, कदाचित चार दिवस बोलणार नाही. ते सोसता येतं. मी शुक्रवारी अर्ध्या जिन्यावरून परत फिरले नसते, तर ताईंचा फोन गेला नसता.