लाल पेन्सिल

"अगं आई, जपून! जेवणाचं ताट उचलल्यासारखा काय उचलतेस?"

"ताटाएवढा आहेच की! आणि हा म्हणे मांडीवर ठेवायचा. मांडी मोडेल माझी!"

जुळणीबाईंनी लॅपटॉप जुन्या कॉम्प्युटरशेजारी ठेवला आणि टरबूज घेताना वाजवून बघावं तशी त्याच्या पाठीवर टिचकी मारली.

"शनिवारपर्यंत वापरून बघायला दिलाय," लेक म्हणाली. "नाही पटला तर परत. पण ओरखडा नको, डाग नको. दुकानदार ओळखीचा आहे, माझं नाक कापू नकोस."

छापखान्यात सगळे त्यांना जुळणीबाई म्हणत. त्या शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायच्या आणि तो मजकूर तपासायला ज्यांच्याकडे जायचा, त्या प्रूफमास्तरांशीच त्यांनी लग्न केलं. "चुका काढणारा नवरा हौसेनं पत्करलास," असं सासूबाई गमतीनं म्हणायच्या. खिळे गेले, कॉम्प्युटर आला, काम घरी आलं, तरी रीत तीच राहिली. बाई पानं लावायच्या आणि मास्तर शेजारी स्टुलावर बसून लाल पेन्सिलीनं खुणा करायचे.

मग हिवाळ्यात मास्तरांची उजवी बाजू गेली. आता ते आतल्या खोलीत भिंतीकडे बघत पडून असायचे. डॉक्टर म्हणाले होते, हाताला काम द्या. बाईंनी कागद दिले, पण अक्षर बारीक, कागद हातात ठरेना, आणि मास्तरांनी ते बाजूला सारले. कॉम्प्युटर आत न्यावा तर तो खोका, तो पडदा, तारांचा गुंता... मास्तरांची खाट आणि बाईंचं टेबल यांच्यामध्ये एक भिंत उभी राहिली ती राहिलीच.

म्हणून हा मोठा पडदा हवा होता. पलंगापर्यंत जाईल आणि तरी पान अख्खं दिसेल, असा.

बाईंनी पदर खोचला. आधी छापलेलं पान पडद्यावर धरून पाहिलं.

"बसतं गं! कडेला जागा उरतेय!"

मग बटणं. बोटं जरा अडखळली, पण लगेच धावायला लागली. आकड्यांची बटणं उजवीकडे वेगळी पाहून तर त्यांनी टाळीच वाजवली. प्रिंटर जोडला, तो कुरकुरला, पण चालला.

"पंख्याचा आवाज येतो हं जरा," लेक म्हणाली.

"येऊ दे. तुझे बाबा याहून मोठ्यानं घोरतात."

जेवणाचं चाकांचं टेबल पलंगावर सरकवून बाईंनी लॅपटॉप मास्तरांसमोर ठेवला. पाठीशी उशा दिल्या. मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकाचं एक पान उघडलं, अक्षर जमेल तेवढं मोठं केलं.

"अहो, बघा तरी. कसं दिसतंय?"

मास्तर भिंतीकडेच बघत होते. बाईंचा चेहरा उतरला. लेक हळूच म्हणाली, "राहू दे आई. उद्या बघू."

तेवढ्यात मास्तरांची नजर वळली. ती पडद्यावर वरून खाली सरकली, परत वर गेली आणि थांबली.

"हॅ!" मास्तर म्हणाले.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात लाल पेन्सिल होती. बाई रोज सदरा बदलताना ती न चुकता नव्या खिशात घालायच्या. मास्तरांनी डाव्या हातानं ती काढली, उजव्या हातात दिली. हात हळूहळू पडद्याकडे गेला.

"बाबा, नाही! काचेवर नाही!"

बाईंनी लेकीचं मनगट घट्ट धरलं. "गप्प बस. करू दे."

कर्रर्र आवाज झाला. पडद्यावरच्या चित्राभोवती एक वाकडं लाल वर्तुळ उमटलं आणि त्याच्या बाजूला गोल फिरणारा बाण. अंकुरलेल्या घेवड्याचं चित्र होतं. मूळ आकाशाकडे, पानं मातीत.

"उलटं," मास्तर म्हणाले. शब्द थोडा सांडला, पण कळला.

"अगंबाई, खरंच की! दोनदा तपासलं होतं मी!" बाई हसता हसता डोळे पुसायला लागल्या.

"आता हा परत कसा द्यायचा?" लेकीनं कपाळाला हात लावला.

"परत कोण देतंय?"

बाई पलंगाच्या कडेला बसल्या आणि त्यांनी चित्र सुलटं केलं. मूळ खाली आलं. मग पुढचं पान घेतलं. पान बदललं, पण लाल वर्तुळ काचेवर तिथंच राहिलं, नव्या मजकुराच्या मधोमध. लेक ओलं फडकं घेऊन आली, तर बाईंनी तिला डोळ्यांनीच नको म्हटलं.

मास्तर पेन्सिल उंचावून पुढच्या ओळीची वाट बघत होते.