दुरुस्त झाली की सांगा

"एका पॅकेजवर एकच फोन," जहाजावरच्या काउंटरमागचा टकला माणूस सांगत होता. "दुसरा जोडलात की पहिला आपोआप सुटतो. आणि मधल्या समुद्रात कधी कधी दोन्ही सुटतात. तेव्हा माझ्यावर डाफरायला येऊ नका, आभाळाकडे बघून डाफरा. आपली रेंज तिकडून येते."

रांगेतले लोक हसले. हॅलोबाई हसल्या नाहीत.

"सुटला तर कळतं कसं?"

"कळतं हो. समोरचा माणूस तोंड उघडं ठेवून थिजतो."

"माझ्या समोरचा माणूस बोलतच नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून विचारलं."

टकल्याने पहिल्यांदाच मान वर केली. तेवढ्यात लेक पुढे झाली. "माझ्याच फोनवर टाका. आईचा बटनांचा आहे."

सगळी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोर्डासमोर गेली म्हणून त्या हॅलोबाई. ऑफिसातल्या कुणीतरी थट्टेत ठेवलेलं नाव घरापर्यंत आलं आणि मग शेजारीपाजारी तेच झालं. आता बोर्ड भंगारात गेले, एक्स्चेंजच्या इमारतीत कपड्यांचं दुकान आलं, तरी नाव चिकटून राहिलं. नवरा त्याच खात्यात लाइनमन. खांबावर चढून बिघाड काढला की तो तिथूनच एक्स्चेंजला जोडून घ्यायचा आणि हातातल्या पेचकसाची मूठ दोनदा फोनवर वाजवायचा. टक, टक. म्हणजे लाइन जिवंत आहे. बाकीचे लाइनमन 'हॅलो, हॅलो' करून घसा कोरडा करायचे. हा दोन टिचक्यांत काम आटपायचा. लग्नाचं विचारायलाही त्याला दोनच वाक्यं लागली होती, त्यातलं एक हवापाण्याचं होतं.

क्रूझ लेकीने दोघांसाठी ठरवली होती. मग नवऱ्याला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. धरून चार पावलं चालण्यापुरताच तो बरा झाला म्हणून हॅलोबाईंनी जाणं रद्द केलं, तर त्याने चालत्या हाताने त्यांची बॅग दाराकडे ढकलली. त्यांनी ती मागे ओढली. त्याने पुन्हा ढकलली. बोलणाऱ्या माणसाशी वाद घालता येतो, न बोलणाऱ्याशी कसा घालणार?

"जा हो वहिनी," धाकटा दीर म्हणाला. "मी आहे की. भावाची दाढीसुद्धा करीन. कापलं तर सांगणार नाही तो."

"भावजी, दुपारी फोन करीन रोज. जवळ बसा त्यांच्या."

अशी ही दुपारची वेळ ठरली आणि त्याच्या जागी लेक सोबत निघाली. जेवणघर रिकामं होऊन पोरंबाळं पोहायच्या तलावाकडे पळाली की मायलेकी खिडकीजवळच्या टेबलाशी बसत. लेक फोन पाण्याच्या जगला टेकवून उभा करी. फोनच्या काचेवर आधी दिराचं नाक येई, मग उशी, मग तो. हॅलोबाई एका दमात सगळं सांगत. समुद्र कसा आहे, जेवायला काय काय मांडून ठेवतात, शेजारच्या केबिनमधला म्हातारा कसा घोरतो. तो ऐकून घेई. शेवटी त्याचं बोट काचेशी येई. टक, टक.

"झालं?" लेक विचारी.

"झालं," म्हणून त्या समाधानाने उठत.

एक दिवस मध्येच तो थिजला. डोळे अर्धे मिटलेले, बोट वर उचललेलं. हॅलोबाई खुर्चीतून ताडकन उठल्या. लेकीने फोन हातात घेऊन दाराशी नेला, जिन्यावर नेला, उघड्या डेकवर नेला. मागून हॅलोबाई गुडघे सांभाळत धावत होत्या. डेकवर वाऱ्यात एक चष्मेवाली बाई स्वतःचा फोन डोक्यावर धरून उभी होती. तिची ओळख पहिल्याच दिवशी झालेली. ती सकाळ-संध्याकाळ फोनवरून घरच्या सुनेला कामाला लावत असे.

"इथे या, इथे येते रेंज!" ती ओरडली. "मी आत्ताच सुनेला विचारलं, गॅस बंद केलास का म्हणून. म्हणते, केला. मी म्हटलं, दाखव."

फोन जोडला गेला आणि आधी आवाज आला. टक, टक. चेहरा मागाहून आला. हॅलोबाई तिथल्याच दोराच्या वेटोळ्यावर मटकन बसल्या आणि वाऱ्याने विस्कटलेले केस सारखे करत हसल्या.

"बघितलंस? चित्र गेलं तर जाऊ दे. लाइन जिवंत होती."

त्यानंतरच्या सकाळी लेक नाश्त्याला उशिरा आली. केस ओले होते, डोळे लाल होते. बशीत तिने काहीच घेतलं नव्हतं.

"साबण गेला डोळ्यांत," ती म्हणाली. मग खुर्ची ओढता ओढता, जरा घाईने, "आई, आज नेट नाहीये. सगळ्या जहाजाचंच गेलंय. बंदराला लागेपर्यंत येणार नाही म्हणाले."

हॅलोबाईंनी कप खाली ठेवला.

लेकीच्या मागे, दोन टेबलं सोडून, चष्मेवाली फोनशी बोलत होती. "अगं, पडदे धुवायला टाकलेस का? मग फोन फिरव, बघू दे." काचेवर सुनेचा हात हलताना इथून दिसत होता.

हॅलोबाईंनी लेकीकडे पाहिलं. त्यांना तो आवाज ओळखीचा होता. घाईने सुरू होणारा, मध्ये एका शब्दावर अडखळून पुढे सरकणारा. त्यांचाच होता तो.

बोर्डावर असताना एका बाईचा ट्रंक कॉल दर आठवड्याला येई. मुलगा लांबच्या गावी कारखान्यात होता. मुलगा फोनवर येई, नाव ऐकलं की म्हणे, "नाही म्हणून सांगा." काय बिनसलं होतं त्यांचं, देव जाणे. पहिल्या वेळी हॅलोबाईंनी क्षणभर बोर्डावरची जोडणीची दोरी हातात धरून ठेवली आणि मग त्या बाईला म्हणाल्या, "लाइन खराब आहे, बाई. आज लागत नाही." नियमात ते बसत नव्हतं. पण 'मुलगा येत नाही म्हणतो' हे कानात घालायला जीभ वळली नाही. पुढे पुढे ते सवयीचं झालं. ती बाई दर वेळी म्हणे, "बरं. दुरुस्त झाली की सांगा." आवाजात राग नसे, घाईही नसे. घरी आल्यावर हॅलोबाई नवऱ्याला विचारत, तिला खरंच खोटं कळत नसेल का हो? तो चपला काढत म्हणे, मला खांबावरचं विचार, तेवढं मला कळतं.

आता त्यांना कळलं. त्या बाईला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"आई? काय झालं?"

"काही नाही," हॅलोबाई म्हणाल्या. बोलताना त्यांनी बशीची कड घट्ट धरली होती. "बरं. दुरुस्त झाली की सांग."

लेकीने मान खाली घातली आणि रिकाम्या बशीत चमचा फिरवला.

तेवढ्यात चष्मेवाली आपला फोन पुसत त्यांच्याच टेबलाशी आली. "काय हॅलोबाई, आज साहेबांशी बोलणार ना? आज तर इतकं छान—"

"आज नेट नाही ना हो," हॅलोबाई चटकन म्हणाल्या.

"नाही कसं? मी आत्ता—"

हॅलोबाईंनी तिचं मनगट धरलं. ती थांबली. लेकीच्या वाकलेल्या मानेकडे, मग हॅलोबाईंच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. फोन तिने हळूच पदराआड घेतला.

"हो, हो," ती म्हणाली. "माझंही आत्ताच गेलं बघा."

सबंध सकाळ मायलेकी डेकवर शेजारी शेजारी बसल्या. लेकीने त्यांच्या पायांवर शाल घातली, दोनदा सारखी केली. दोनदा काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि "ऊन लागतंय का?" एवढंच विचारलं. हॅलोबाई म्हणाल्या, नाही. त्यांना वाटत होतं, पोरीने एकटीने किती वेळ ओझं धरून बसायचं? पण आपण विचारलं की ते खरं होणार. तोवर ते नुसतं मनात होतं. त्यांनी दुपारपर्यंत थांबायचं ठरवलं.

जेवणघर रिकामं झालं. हॅलोबाई खिडकीजवळच्या टेबलाशी जाऊन बसल्या. पाण्याचा जग त्यांनी स्वतःच पुढे ओढला.

"लाव," त्या म्हणाल्या.

"आई, नेट—"

"नेट आहे गं," त्या अगदी हळू म्हणाल्या. "लाइन चांगली आहे. समोरून उत्तर नाही, एवढंच ना?"

लेकीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती खाली बसून आईच्या मांडीत कोसळली. हॅलोबाई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. टेबलं पुसणारा माणूस फडकं हातात धरून थबकला आणि दुसऱ्या टोकाला निघून गेला.

"कधी?"

"पहाटे. झोपेतच. काका म्हणाले, भर समुद्रात सांगू नकोस तिला. काय करेल ती तिथे?"

"खरंच आहे. काय करणार मी?" हॅलोबाई म्हणाल्या. मग तिला उठवून बसवत, "लाव फोन. चित्र नको. नुसता आवाज."

पलीकडून दिराने उचलला.

"वहिनी..."

"भावजी, कळलं मला. रडू नका. तुम्ही जवळ होतात, पुष्कळ झालं."

"आम्ही थांबतो, वहिनी. तुम्ही येईपर्यंत कसंही करून—"

"नका थांबू. ताटकळत नका ठेवू त्यांना. जन्मभर मी कुणाला ताटकळत ठेवलं नाही." त्यांनी घोटभर पाणी घेतलं. "एक करा. फोन त्यांच्या हाताशी ठेवा. आणि तुम्ही सगळे जरा बाहेर जा."

खुर्च्या सरकल्या. पावलं लांब गेली. दार लोटल्याचा आवाज आला. मग नुसती खोली ऐकू येऊ लागली. पंख्याची ती जुनी खरखर, जी काढायला तो केव्हापासून स्टुलावर चढणार होता.

हॅलोबाईंनी काहीच सांगितलं नाही. समुद्राचं नाही, जेवणाचं नाही. त्यांनी नखाने काचेवर दोनदा वाजवलं. टक, टक.

पंखा खरखरत राहिला.

बोलणाऱ्याने फोन ठेवला की बोर्डावरचा दिवा लागायचा, आणि दिवा लागल्याशिवाय दोरी ओढून लाइन तोडायची नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. मायलेकी फोन मध्ये ठेवून बसून राहिल्या. खिडकीबाहेर पाणी मागे जात होतं. फोनच्या काचेवर लाल बटन होतं. हॅलोबाईंनी दोन्ही हात मांडीवर घेतले होते.