घडीच्या घराची बटणं

आमच्या गाडीत दिवा लावायचा असेल तर आधी नळाखाली बादली ठेवावी लागे. हे वाचून तुम्हांला काही कळलं नसेल, तर काळजी करू नका. सुरुवातीला आम्हांलाही काही कळत नव्हतं.

गाडी म्हणजे मोटार नव्हे. ट्रॅक्टरच्या मागं जोडून ओढायची, दोन चाकांची पत्र्याची मोठी पेटी. झाकण उचललं की कापडाच्या भिंती ताठ व्हायच्या, दोन्ही अंगांनी एकेक पलंग बाहेर सरकायचा आणि पेटीची खोली व्हायची. माझा भाऊ भिवाजी बेल्लमपल्लीला कोळसा खाणीत वायरमन होता. जमिनीत भोकं पाडून कोळसा शोधणाऱ्या कोण्या कंत्राटदारानं काम संपल्यावर ही गाडी भंगारात काढली, आणि दादानं ती आमच्यासाठी उचलली.

का उचलली, तेही सांगते. माझे मालक दौलत मास्तर. ब्याण्णव साली त्यांची बदली राज्याच्या सीमेवरच्या नार्नूरपासून आत असलेल्या एका गावी झाली. गाव कापूस-ज्वारीचं, बोलणं आपलंच मराठी, माणसं गोड. इतकी गोड की खोलीला कोणी सरळ नाही म्हणेना. उत्तमरावांकडे खोली होती, पण जावई येणार होते. भगवानरावांच्या खोलीत सरकी भरायची होती. कौशल्याबाईच्या पडवीत गाय व्यायला झाली होती. आम्ही बौद्ध आहोत हे एकानंही तोंडातून काढलं नाही. जावई, सरकी आणि गाय पुढं करून सगळे मोकळे झाले.

गाडी आणली तेव्हा वामनराव पाटलांना विचारलं, शाळेच्या पटांगणाकडेला कडुलिंबाखाली उभी करू का? पाटलांनी गाडीभोवती एक फेरी मारली, चाकाला पाय लावून पाहिला आणि म्हणाले, "हे तं गाडी हाये मास्तर. घर थोडीच हाये? करा उभी."

म्हणजे घर असतं तर जमलं नसतं. यावर हसावं की रडावं ते मला समजेना. मास्तर मात्र खूश. कापडाच्या भिंतीला खिळा मारता येत नाही म्हणून त्यांनी बाबासाहेबांचा फोटो मधल्या लोखंडी दांडीला बांधला आणि म्हणाले, "चंद्रभागा, झालं आपलं घर."

घर झालं, पण ते आपल्याच मनानं चालायचं. आत एक दिवा, एक छोटा पंखा, टाकीतलं पाणी बिनतोटीच्या नळाला चढवणारा पंप आणि दूध-भाजी गार ठेवणारा एक थंडा डबा अशी चार यंत्रं होती. बटणांची फळी मात्र कोणीतरी आधीच उखडून नेली होती, आणि चौघांच्या वायरी एकाच गाठीत बांधल्या होत्या. ट्रकची बॅटरी जोडली की चारही एकदम सुरू. दिवा लागला की पंखा गरगरे, डबा गुरगुरे आणि नळ धो धो वाहू लागे. भर दुपारी भांडी घासायची तर डोक्यावर दिवा. पावसाळी गारठ्यात तोंड धुवायचं तर पाठीवर पंख्याचा वारा. एकदा मी पंख्यासाठी बॅटरी जोडली आणि बादली विसरले, तर मास्तरांच्या तपासायच्या पेपरांची पेज झाली. तेव्हापासून नळ आम्ही दाराबाहेर काढला.

"दादा, एकेकाला बटण लावून दे," मी निरोप धाडला. "माझ्या घरात मी म्हणन तवा दिवा लागला पाहिजे."

दादा रविवारी चार बटणं घेऊन आला. पावसाची झड होती म्हणून गाडी मिटलेली होती. त्यानं ताडपत्रीखाली बसून झाकणाच्या आतल्या अंगाला फळी ठोकली, डावीकडून दिवा, पंखा, पंप, डबा असं मला पाठ करायला लावलं आणि परतीची बस गाठली. संध्याकाळी आम्ही गाडी उघडली तर झाकणाबरोबर फळीही उलटी झाली. मी दिव्याचं बटण दाबलं, डबा गुरगुरला. मास्तरांनी पंख्याचं दाबलं, नळ सुरू झाला. शिवाय खाली केलं की बंद आणि वर केलं की चालू. दोघं नवरा-बायको त्या फळीपुढं मान वाकडी करून उभे होतो.

त्यातही खरी गंमत पुढं झाली. आमच्याकडे बटण बंद करायची रीतच नाही. करंट कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून एकदा चालू केलेलं बटण कायम चालूच ठेवायचं. करंट आला की दिवा आपोआप लागतो, शेतातली मोटार आपोआप धावते. बंद करायचं काम वीजवाल्यांचं, आणि ते काम ते न चुकता करतात. आम्हीही जन्मभराच्या सवयीनं चारही बटणं चालू ठेवून जेवलो आणि झोपलो.

सकाळी टाकी कोरडी ठक्क, दारात चिखल आणि दिवा मेलेला.

"करंट गेला वाटते," मास्तर म्हणाले. "येईन थोड्या वेळानं."

मीही हो म्हटलं. दोघं चहा घेऊन करंटची वाट पाहत बसलो. बॅटरीत करंट येत नसतो, तो आपणच नार्नूरला नेऊन भरून आणायचा असतो, हे ध्यानात आलं तेव्हा शाळेची घंटा व्हायची वेळ झाली होती.

दादाला हे कळलं तेव्हा तो पोट धरून हसला. पुन्हा आला, फळी सरळ केली आणि म्हणाला, "तुमी बटन बंद करनाऱ्यातले नाई. पंपाले मी घंटीचं बटन लावून देतो. दाबून धरलं तं पानी, सोडलं का बंद." नळ दाराबाहेरच्या कट्ट्यावर होता. त्याच्याच शेजारी त्यानं ते गोल पांढरं बटण बसवलं, घराच्या दारावर बेलचं असतं तसलं.

आता खरी गोष्ट सांगते. मला त्या गावात खोली हवी होती ती गाडीनं भागली. पण मला एक माणूस हवं होतं, माझ्या हातचं घोटभर पाणी पिणारं. एकच चाललं असतं. बाया गाडी बघायला यायच्या, कापडाची भिंत चाचपायच्या, कौतुक करायच्या. मी घासूनपुसून लख्ख केलेला पितळी पेला पुढं केला की एकीनं आताच पिऊन निघालेली असायची, दुसरीला तहान नसायची, तिसरीचा उपास. पाण्याचाही उपास असतो हे मला त्या गावात कळलं. त्या गेल्या की भरलेला पेला मी कडुलिंबाच्या बुडाशी ओतायची. झाड जोमानं वाढत होतं.

कापूस वेचणीच्या दिवसांत कौशल्याबाई आणि बयनाबाई दुपारच्या उन्हात गाठोडी घेऊन आल्या. शाळेचा हातपंप तेव्हा बिघडलेला होता आणि गावातली विहीर अजून लांब. कौशल्याबाईनं ते पांढरं बटण पाहिलं आणि दाबलं. पाणी आलं. ती दचकून मागं सरली, हसली, पुन्हा दाबलं.

"बयना, हात लाव खाली," ती म्हणाली.

बयनाबाईनं ओंजळ धरली आणि गटागटा प्याली. मग बयनाबाईनं बटण दाबलं आणि कौशल्याबाई प्याली. दारात पेला घेऊन मी उभी होते. दोघी तोंड पुसत म्हणाल्या, "थंड हाये माय पानी," आणि गेल्या.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? मास्तर शाळेतून येताच मी म्हटलं, "पेल्या! आपल्या घरी पानी पेल्या!" आणि बोलता बोलताच थांबले. कारण मी काय बोलत होते ते मलाच कळेना. कोणाचं पाणी प्याल्या? गावाबाहेरच्या नाल्यात झिरा उकरून मी घागरी भरायची, डोक्यावर आणायची, फडक्यानं गाळून टाकीत ओतायची. मला घागरी नेताना याच बाया रोज बघायच्या. पाणी माझ्या हातचं, टाकी माझी, मग बटणात असं काय होतं? बोट त्यांचं होतं, एवढंच ना? पंपातून गेल्यावर पाणी कोणाचं होतं?

पुढं रोजच बाया येऊ लागल्या. जोडीनं यायच्या, एक दाबायची, दुसरी प्यायची. मी पुढं होऊन म्हणायची, "थांबा, मी दाबते." तर म्हणायच्या, "राहू द्या मास्तरीनबाई, तुमी काऊन तरास घेता?" पाटलांची सून रेणुकाबाई तेवढी एकटी यायची. तिचं वावर शाळेच्या मागंच. ती उजव्या हातानं बटण दाबायची, डाव्या तळव्यात पाणी घ्यायची. अर्धं सांडायचं, कोपरावरून ओघळायचं, लुगडं भिजायचं. माझ्याकडे बघायची नाही. दोन-चार घोट घेऊन निघून जायची.

"दारापर्यंत तं येऊन राह्यल्या ना," मास्तर मला समजावायचे. "हळूहळू होईन. हे का कमी हाये?"

"माझ्या दारापर्यंत नाई," मी म्हटलं. "बटनापर्यंत."

मास्तरांचं बरोबर होतं की माझं, हे मला तेव्हा ठरवता येत नव्हतं. बटण होतं तर चार माणसं येत होती. बटण काढलं तर लिंबाला पाणी घालत बसावं लागणार होतं. दोन दिवस मी चिडचिड केली, भाकऱ्या करपवल्या, मास्तरांवर उगाच खेकसले. तिसऱ्या दिवशी पेचकस घेतला, दोन स्क्रू काढले आणि बटण डब्यात टाकलं. वायरींच्या टोकांना चिकटपट्टी गुंडाळली. टाकीला वरून झाकण होतंच. पेला बुडवला की झालं.

पहिल्या दिवशी कौशल्याबाई-बयनाबाईची जोडी आली. कौशल्याबाईचं बोट सवयीनं गेलं आणि दोन भोकांवर थांबलं.

"बटन खराब झालं का?"

"नाई. मी काढलं. पानी हाये ना, देते."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. कौशल्याबाई म्हणाली, "घर जवळच तं हाये." गाठोडी उचलून उन्हात चालत्या झाल्या. विहीर किती लांब ते त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. नंतर बाकीच्याही आल्या नाहीत; गावात बातमीला पाय लागतात. मास्तर पेपर तपासत बसले. काही बोलले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. आपण जिंकलो की हरलो हेच मला उमगेना. मी गाडीत बसून दिव्याचं बटण नुसतंच चालू-बंद करत राहिले. ते मात्र आता माझं ऐकत होतं.

मग एका दुपारी रेणुकाबाई आली. गाठोडं कट्ट्याशी टेकवलं, ओठ कोरडे पडलेले. हात बटणाच्या जागी गेला आणि तिथंच राहिला. बटण काढल्याचं तिच्या कानावर आलंच असणार. मी टाकीचं झाकण काढलं, पेला बुडवला आणि पुढं केला.

ती पेल्याकडे बघत राहिली. मग रस्त्याकडे बघितलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. मनात म्हटलं, पिऊ नको. कोणी बघत नाही म्हणून पिणार असशील तर पिऊच नको. तेवढ्यात वामनराव पाटलांची बैलगाडी वळणावरून आत वळली, आणि मी मनातल्या मनात पेला परत घेतला.

रेणुकाबाईनं सासऱ्याला पाहून पदर डोक्यावर ओढला, आणि मग पेला माझ्या हातून घेतला. मान वर करून वरूनच ओतून प्याली. आमच्याकडे सगळेच वरून पितात, म्हणून त्याचा अर्थ काय घ्यावा तेही मला समजलं नाही. बैलगाडी घुंगरं वाजवत समोरून गेली. पाटलांनी पाहिलं. तिनं पेला कट्ट्यावर ठेवला नाही, माझ्या हातात परत दिला.

"आनखी एक दे माय," ती म्हणाली.

मी भरून दिला. तोही तिनं संपवला, ओल्या हातानं तोंड पुसलं आणि बटणाच्या दोन भोकांकडे बोट दाखवून म्हणाली, "बरं झालं काढलं ते. इतके दिवस येऊन राह्यली, पन पोटभर पानी काई पेली नाई मी. एका हाताची वंजळ होते का कदी?"