काचेखालची हिरवी बनात

मी एक जुनी बनात आहे. बनात म्हणजे लोकरीचे जाड, मऊ कापड. माझा रंग हिरवा, पण आता तो सगळीकडे सारखा उरलेला नाही. मधोमध तेलाने काळपट झाला आहे, कडांना उन्हाने पिवळसर. एका कोपऱ्यात एक काळा डाग आहे. मित्रांनो, मी तुम्हाला माझी गोष्ट सांगणार आहे, आणि ती त्या डागापाशी येऊन थांबणार आहे.

कापड होण्याआधीचे मला नीट आठवत नाही. पण झोपेत मला मेंढ्या दिसतात. उतारावर पसरलेला कळप, वाऱ्याने एकाच बाजूला कललेले गवत, आणि खूप लांबून येणारी हाळी. ज्याने मला रंगवले त्याने हिरवाच रंग का निवडला, कोण जाणे. मला वाटते, मेंढीने जन्मभर जे खाल्ले तेच शेवटी माझ्या अंगावर उमटले.

मी जळगावला आले ती एका बंदुकांच्या दुकानात. दुकान नवलभाऊंचे. त्यांच्या पत्नी कामिनीवहिनी. वहिनींनी मला ताग्यातून कापले, कडा दुमडल्या आणि हाताने टाके घातले. तेव्हा दुकान लहान होते. एक लाकडी टेबल, दोन बाकडी आणि माठ, एवढेच सामान. गिऱ्हाईक आले की नवलभाऊ आधी म्हणत, "बसा, आबा. पाणी घ्या." मग मला झटकत, टेबलावर अंथरत, तळहाताने सुरकुत्या मोडत, आणि त्यानंतरच बंदूक माझ्यावर ठेवत.

"बंदूक उघड्यावर आपटू नये," ते प्रत्येकाला सांगत. "ठेवण्याआधी जो कापड अंथरतो, तो खरा जाणकार."

ते ऐकले की मला फार बरे वाटे.

माझ्यावर येणाऱ्या बंदुका बहुतेक शेतातल्या होत्या. रानडुकरे केळीच्या बागेत शिरत, मक्यात लोळत, म्हणून लोकांनी परवाने काढलेले असत. हिवाळ्याच्या सकाळी त्यांच्या नळ्या फार गार लागत. खरे तर लोखंड लोकरीपेक्षा गार नसते. एका खोलीत ठेवलेल्या साऱ्या वस्तू सारख्याच गार असतात. फक्त लोखंड हाताची ऊब चटकन ओढून घेते आणि लोकर ती धरून ठेवते, म्हणून एकाचा स्पर्श गार वाटतो आणि दुसऱ्याचा उबदार. माणसांचेही असेच काही असेल का, असा विचार मी पडल्या पडल्या करत असे.

निवडणुका आल्या की लोक आपल्या बंदुका जमा करत. काही आमच्याकडेही ठेवल्या जात. गळ्यात चिठ्ठ्या बांधून त्या भिंतीला ओळीने टेकलेल्या असत. दुपारी दुकान शांत झाले की मला त्यांचा श्वास ऐकू येई. त्यांच्या झोपेत केळीची पाने सळसळत असावीत. माझ्या मेंढ्या त्या पानांखालून चालत जात, आणि कुणीही कुणाला भीत नसे.

पुढे दुकान वाढले. काचेचे दार आले, गारव्याचे यंत्र आले, गाद्यांच्या खुर्च्या आल्या. लाकडी टेबल जाऊन लांबलचक काचेचा काउंटर आला. माठ मागच्या खोलीत गेला. यात काही वाईट नव्हते. वाईट झाले ते नवलभाऊंच्या नजरेचे. माणूस दारात उभा राहिला की त्यांची नजर आधी त्याच्या पायांकडे जाऊ लागली. पायात चकचकीत बूट असले, तर ते मला बाहेर काढत. धुळीने भरलेल्या चपला असल्या, तर मोबाइलमधून मान वर करत नसत. मी काउंटरच्या वरच्याच खणात, काचेच्या अगदी खाली, घडी होऊन पडू लागले. आता मला जग खालून दिसे, हातांची कोपरे आणि हनुवट्या तेवढ्या.

त्या खुर्च्यांपैकी एका खुर्चीत सुपडूशेठ बसलेले असत. त्यांचा धंदा ट्रकांचा होता, पण बसायची जागा ही. विकत काही घेत नसत. परदेशी बंदुकांची नावे मात्र नातेवाइकांसारखी घेत. आले की गाडीची चावी काचेवर फेकत, आणि एकदा त्यांनी आपले पिस्तूलच तसे सरकवले. माझ्या डोक्यावर काचेला लांब ओरखडा पडला.

"असू द्या शेठ, काचच ती," नवलभाऊ हसून म्हणाले होते.

एकदा एक म्हातारे शेतकरी काडतुसे घ्यायला आले. सुपडूशेठ म्हणाले, "आबा, तुम्हाला बघूनच डुक्कर पळत असंल. काडतूस कशाला वाया घालवता?" सगळे हसले. आबाही हसले. पण खिशातून काढलेला परवाना त्यांनी काउंटरच्या कडेखाली मुठीत आवळला. हसणाऱ्यांना ती मूठ दिसली नाही. मला खालून दिसली.

अशी वर्षे गेली. घडीच्या रेघा माझ्या अंगात मुरल्या. मेंढ्यासुद्धा क्वचित येऊ लागल्या.

मग एका गुरुवारी दुपारी दार उघडले आणि चोपड्याकडच्या एका गावाहून दोघी आत आल्या. आई भागाबाई, केळीच्या पॅकिंगवर कामाला जाणारी. आणि तिची मुलगी मोनाली, दहावीतली. मोनालीच्या हातात जुन्या चादरीत गुंडाळलेले काहीतरी लांब होते. शाळेच्या सरांनी तिला नेमबाजीसाठी दिलेली एअर रायफल ती.

खुर्च्या रिकाम्या होत्या. कुणी बसा म्हटले नाही. दोघी उभ्या राहिल्या.

"भाऊ," भागाबाई अहिराणीत म्हणाली, "मनी पोरनी बंदूक शे. हवा निंघी जास. रविवारले धुयाले निशाणबाजी शे. जरासं दखी ल्या ना."

नवलभाऊ मोबाइलकडेच बघत होते. "लायसन?"

"हिला लागत नाही, काका," मोनाली हळू म्हणाली. "छर्ऱ्याची आहे."

सुपडूशेठना चेव आला. "जिला लायसन लागत नाही ती बंदूक कसली, पोरी? ती तर पिचकारी!"

"यात्रेत फुगेवाले येतात ना," नवलभाऊ म्हणाले, "त्यांना दाखवा. हे दुकान वेगळं आहे."

मोनालीची मान खाली गेली. तिला काय हवे होते ते मला कळत होते. धुळ्याच्या निवडीसाठी तिच्याकडे हीच एक रायफल होती. जिच्यातली हवा निसटते तिचा छर्रा निशाणापाशी पोचेपर्यंत थकून खाली झुकतो. हात कितीही स्थिर असला तरी.

भागाबाई मात्र अजून आशेवर होती. तिला वाटले, वस्तू बघितली तर भाऊंचे मन वळेल. ती काउंटरपाशी आली. रायफल ठेवणार, तेवढ्यात तिचे लक्ष काचेकडे गेले आणि ती थांबली. तिने खांद्यावरचा रुमाल काढला, झटकला, काचेवर अंथरला. दोन्ही तळहातांनी सुरकुत्या मोडल्या. आणि मग, निजलेले मूल ठेवावे तशी, रायफल त्यावर ठेवली.

मित्रांनो, मी बरोबर त्याच्या खाली होते. आमच्या दोघांमध्ये फक्त काच होती. त्या रुमालावर काळे डाग होते. तो केळीचा चीक. ताजा असतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो. हवा लागली की हळूहळू काळा पडतो, आणि मग साबणाला दाद देत नाही.

"अहो, उचला तो फडका!" नवलभाऊ ओरडले. "काच खराब होईल!"

"डाग शे भाऊ, पन धुयेल शे," भागाबाई म्हणाली. "केयीना चीक शे. तो निंघस नही."

"कारागीर गावाला गेलाय. पंधरा दिवसांनी या."

त्याच क्षणी पडद्यामागून कानस घासल्याचा आवाज आला. आमचा कारागीर, झुलाल मिस्तरी, आत कामच करत होता. नवलभाऊ मोठ्याने खोकले.

"मग आत कोण आहे?" मोनालीने विचारले.

"उंदीर!" सुपडूशेठ म्हणाले आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसले.

भागाबाई हसली नाही, भांडलीही नाही. तिने रायफल उचलली, रुमालाची घडी केली. "चाल, माय," ती लेकीला म्हणाली. दोघी वळल्या. मला आयुष्यात पहिल्यांदा वाटले की मला आवाज असता तर बरे झाले असते.

पण दारात कामिनीवहिनी उभ्या होत्या, हातात जेवणाचा डबा घेऊन. त्या केव्हा आल्या ते कुणी पाहिले नव्हते. त्यांनी रुमाल अंथरलेला पाहिला होता.

"अक्का, थांबा जरा," त्या म्हणाल्या. डबा खाली ठेवला आणि नवऱ्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही. "अहो, इतकी वर्षं तुम्हीच सांगत आलात ना, ठेवण्याआधी कापड अंथरतो तो खरा जाणकार? मी लग्न होऊन आले तेव्हापासून वाट बघतेय. सांगण्याआधी अंथरणारा एकही दिसला नाही. आज दिसली, तर तुम्ही तिला परत पाठवताय." मग त्यांनी काचेवरच्या ओरखड्यावरून बोट फिरवले. "आणि याचा धनी खुर्चीत बसलाय."

सुपडूशेठना एकाएकी फोन करायचे आठवले. ते बाहेर गेले.

नवलभाऊंचे कान लाल झाले. त्यांनी मोबाइल उपडा ठेवला. मग पडद्याकडे बघून म्हणाले, "झुलाल, बाहेर ये."

वहिनींनी मला खणातून काढले. कितीतरी दिवसांनी मी पूर्ण उलगडले. घडीच्या रेघा दुखल्या, पण त्या दुखण्यात सुख होते. रायफल माझ्यावर आली. अशा बंदुकीत स्प्रिंग असते. ती सुटली की पिस्टन हवेला पुढे ढकलतो, आणि हवा छर्ऱ्याला. पिस्टनवरचा चामड्याचा वॉशर सुकून आकसला होता. झुलाल मिस्तरीने नवा वॉशर तेलात मुरवून बसवला. मग मोनालीने रायफल हातात घेऊन श्वास रोखला. मागच्या भिंतीवरच्या पुठ्ठ्यावर टक् असा आवाज झाला. स्वच्छ आवाज होता. तिच्या चेहऱ्यावर जे आले ते मला कोन नीट नसूनही दिसले.

निघताना चादर फाटलेली बघून वहिनींनी रायफल माझ्यातच गुंडाळली. "सावकाश आणून द्या."

"अगं, ती दुकानाची बनात आहे!" नवलभाऊ म्हणाले.

"असू द्या. कापडच ते."

अशी मी धुळ्याला गेले. एसटीच्या खिडकीतून वारा येत होता. बाहेर कापसाची पांढरी शेते हलत होती. एकेका बोंडात मला एकेक मेंढी बसलेली दिसली.

धुळ्याच्या त्या लांब खोलीत लोखंडी टेबले होती. मोनालीने मला अंथरले. शेजारच्या जागेवर डिंपल नावाची मुलगी होती. तिची रायफल नवीकोरी, पण खालचे टेबल उघडे. मोनालीने माझी उरलेली घडी उलगडली आणि मला तिकडे सरकवले. "ठेव गं. पुरेल दोघींना." दोन्ही रायफली माझ्यावर शेजारी शेजारी निजल्या. मग खोली शांत झाली. मुलींचे श्वास मंद झाले, इतके मंद, की मला वाटले आपण पुन्हा त्या उतारावर आहोत आणि वारा थांबला आहे.

मंगळवारी पॅकिंगवरून परस्पर भागाबाई मला परत द्यायला आली. सुपडूशेठ खुर्चीत होते. त्यांची चावी काचेवर होती. तिने माझी घडी काउंटरवर ठेवली, पण हात लगेच मागे घेतला नाही.

"भाऊ, हाऊ डाग मनाकडथून पडना. घडी करताना हातले चीक व्हता. भलतं धोयं, पन निंघना नही."

नवलभाऊंनी मला उलगडले. कोपऱ्यात तो डाग होता. त्यांनी नखाने एकदा खरवडून पाहिला. मी घाबरले. दुकानात माझ्यासारखी कापडे सहज बदलतात, आणि माझे वयही झाले होते.

"पोरीचं काय झालं?" त्यांनी विचारले.

"तिसरी उनी. आते नासिकले जावानं शे." मोनाली तिसरी आली होती.

"पिचकारीनं?" सुपडूशेठ म्हणाले.

नवलभाऊंनी त्यांच्याकडे पाहिले. मग काचेकडे. "शेठ, ती चावी उचला," ते म्हणाले. "मला बनात अंथरायचीय."

सुपडूशेठनी चावी उचलली. नवलभाऊंनी मला झटकले, काचेवर पसरले. डागाचा कोपरा खाली दडवला नाही. तळहाताने सुरकुत्या मोडल्या. आणि जुन्या दिवसांतला, माठाच्या पाण्यासारखा गार आवाज मी पुन्हा ऐकला.

"बसा, अक्का. पाणी घ्या."

मित्रांनो, तेव्हापासून मी खणात गेलेले नाही. दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत मी काचेवर पसरलेली असते. भाऊंची नजर अजून कधीकधी दाराशी आलेल्या पायांकडे जाते. सवय एका दिवसात सुटत नाही. पण माझी घडी करायला त्यांचा हात येत नाही.

तुमच्या दारातही माणसे येतील. कुणाच्या पायाला धूळ असेल, कुणाच्या रुमालाला चीक. त्यांनी स्वतःचा रुमाल काढण्याआधी तुमचे कापड पसरलेले असू द्या. आणि घरात माझ्यासारखे एखादे जुने कापड असेल, तर डाग पडला म्हणून टाकू नका. तो कुठून आला, ते आधी विचारा.