टाक्यात चिमूटभर हळद

प्लेगाच्या पुढच्या सालची गोष्ट. मी तवा खानापुराकडनं सुप्याच्या रानात गवंडीकामाला आलो हुतो. कुंभारवाड्याच्या अलीकडं पुंडलिकराव म्हणून लाकडाचे मक्तेदार राहायचे. त्यांची लेक कमल, नऊ वर्साची. तापातनं उठली खरी, पण पाय उठलेच न्हाईत. वैद्य म्हणाला, "पोरीला रोज पाण्यात पोहवा. पाण्यात हलले तर हलतील. असेच पडून ऱ्हायले तर वाळून जातील."

काळी नदीत मगरी. म्हणून मालकांनी घरामागंच पोहायचं टाकं बांधायला मला सांगितलं. जांभ्याचा चिरा, वर चुन्याचा गिलावा. असा घोटला की त्यात तोंड दिसावं. झऱ्याचा पाट आत सोडला आन् मी ऐटीत कडंला उभा ऱ्हायलो.

मालकांनी पोरीला पाण्यात धरलं. लगेच ओरडली, "बाबा, डोळं भाजतात! काढा मला!" अंग लालभडक. मी हात घातला तर पाणी साबणावानी बुळबुळीत, वर दुधावानी गढूळ.

आता आमच्याकडं हिरीचं पाणी गढूळलं की चुना टाकत्यात. गाळ खाली बसतो. मी बी दोन बुट्ट्या चुना टाकला. सकाळी पाणी आरशावानी! मी खूश. मालकांनी कमलचं पाय पाण्यात सोडलं आन् पायाला चट्टं उठलं.

पुंडलिकराव म्हणाले, "नागू, उद्या पहार आण. फोड ते टाकं."

टाक्याचं मला काय न्हवतं. पण पोरगी आपल्याच पायाकडं बघत बसली हुती, ते बघवंना.

त्या घरात भांडी घासायला रुक्माक्का यायची. अणशीकडची कुणबीण, तोंडानं फटकळ. तिनं करवंटीत टाक्यातलं पाणी घेतलं आन् चिमूटभर हळद टाकली. पाणी झालं लाल.

"काय दिसतंय रं?"

"कुंकू."

"मग? हळदीला चुना लावला की कुंकू हुतं. आमी बायका वर्साचं कुंकू असंच करतो. तुझं टाकं अजून चुना ओकतंय, आन् तू वरनं आणखी घातलास! चुन्याला आंबट घालायचं, शहाण्या."

"एवढ्या टाक्याला आंबट आणू कुठनं?"

ती तडक घरी गेली आन् भिरंडाची, म्हंजी कोकमाची, वाळली सालं घेऊन आली, दोन बुट्ट्या भरून. वर्सभराच्या कालवणाची बेगमी, सगळी.

"अक्का, घरात काय खाशील?"

"मीठ हाय की. टाक्याचं बूच काढ तू."

टाकं रिकामं केलं. सालं मातीच्या माठात उकळली आन् त्या आंबट पाण्यात काथ्या बुडवून भिंती घासल्या. परत पाणी भरलं. हळद टाकली, तांबूस झाली. परत बूच, परत घासणं. मालक पहार धरून बघत हुते, शेवटी ती टाकून त्यांनी बी धोतर खोचलं आन् आत उतरले. असं आठ दिवस. नवव्या दिवशी हळद पिवळी ती पिवळीच. तरी रुक्माक्का म्हणाली, "आणखी एक दिवस पाणी वाहू दे."

दुसऱ्या दिवशी पोरगी काय पाण्यात जायला तयार हुईना. रुक्माक्कानं त्याच पाण्यानं आपलं डोळं धुतलं.

"बघ, काय झालं का?"

"तुझं डोळं म्हातारं हायत, अक्का. त्यांना काय कळतंय!"

मी हसलो तर म्हातारीनं माझ्याकडं असं बघितलं की हसू गिळलं. मग तिनं कमलच्याच वंजळीत पाणी दिलं आन् वर हळद टाकली. "लाल झालं तर मीच तुला उचलून घरात नेते." पोरगी वंजळीवरनं नजर हलवंना. लई वेळ बघितलं. पिवळंच.

"सोडा मला," म्हणाली.

बापानं छातीभर पाण्यात धरली. ओरडली न्हाई. डोळं उघडं ठेवून बसली. दुपार टळली तरी भाईर यायचं नाव न्हाई. आन् एकाएकी म्हणाली, "बाबा, अंगठा बघा!"

डाव्या पायाचा अंगठा. पाण्याखाली हलत हुता, जरासाच.

मी वाकलो आन् रुक्माक्काचं पाय धरलं.

"अरं सोड, येडा का काय!" ती माझ्या डोस्क्यावर चापट मारत म्हणाली. "माझं काय धरतोस? तिकडं पोरीचं बघ, दुसरा बी हलतोय!"